संगणकाचा आवाज संगणकालाच नोंदवू द्या

व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस बोलतो, त्याचा आवाज आपल्या लॅपटॉपमधून आपल्याला स्वच्छ ऐकू येतो. पण तोच आवाज त्याच लॅपटॉपला नोंदवून ठेवायला सांगा, बहुतेक वेळा तो ते करत नाही. रेकॉर्डिंगचं बटण असतं. ते ऐकतं मात्र मायक्रोफोनचं, म्हणजे खोलीचं. संगणकाच्या पोटातून जाणारा आवाज टिपायचा तर कुठेतरी खोल दडवलेली सोय शोधून काढावी लागते, नाहीतर बाहेरचं सॉफ्टवेअर आणून बसवावं लागतं. ही अडचण किरकोळ आहे असं मला अनेकांनी सांगितलं. मला ती किरकोळ वाटत नाही. ती का वाटत नाही हे सांगायचं तर आधी आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीविषयी सांगायला हवं.

मी माहेरची सांगलीची. लग्न होऊन चेन्नईत टी. नगरला आले ती तंजावर मराठी घरात. १६७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ साली शेवटचा राजा पुरुष वारस न ठेवता गेल्यावर ते राज्य संपलं. राज्य संपलं तरी त्याच्याबरोबर आलेली माणसं तिथेच राहिली. त्यांतली कितीतरी कुटुंबं पुढे नोकरीसाठी मद्रासला आली आणि टी. नगर, पश्चिम मांबलम या भागांत स्थिरावली. आडनाव म्हणून नावापुढे राव. शाळेत तमिळ, कचेरीत इंग्रजी, आणि दाराच्या आत मराठी. ती मराठी सांगलीची नाही, पुण्याचीही नाही. तिचा हेल तमिळच्या वळणाने जातो, आणि त्यातच अचानक असा एखादा शब्द येतो की जो मी फक्त जुन्या पोथ्यांत वाचला होता. नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाई भराभर बोलू लागल्या की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अर्थ लावत असे. पुढे ती भाषा मला माझ्या भाषेइतकीच जवळची झाली.

या तंजावर मराठीचं जे लिहिलं गेलं ते बरंचसं टिकलं आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागदांचे ढीग आहेत. तंजावरच्या गादीवरच्या शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेली 'लक्ष्मीनारायणकल्याण'सारखी नाटकं तिथल्याच परंपरेतली. सरफोजी राजांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं नाटक लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते, तोही मराठीत. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा. म्हणजे कागद सुरक्षित, दगड तर सुरक्षितच. पण स्वयंपाकघरात, झोपाळ्यावर, देवापुढे जी मराठी बोलली जाते ती माणसाबरोबर जाते.

आमच्या घरातली ती भाषा अस्सल बोलणारं माणूस आता एकच उरलं आहे, सासूबाईंच्या धाकट्या बहीण. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्या कुंभकोणमला असतात. नव्वदी जवळ आली आहे, गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो. सिंगापूरहून माझी लेक येते, पुण्याहून पुतण्या, आणि तिकडे अक्कांची नात त्यांच्यापुढे फोन धरून बसते. अक्का डांगर पच्चडी कशी कालवायची ते सांगतात, आणि माझ्या माहेरच्या डांगराशी तिचं नातं किती जवळचं आहे ते मला दर वेळी नव्याने कळतं. त्यांचे वडील हरिकथा करायचे. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरला आले, तंजावूर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा तो बाज तमिळ हरिकथेत आणला, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ श्रोत्यांच्या ओळखीची झाली. अक्का वडिलांकडून ऐकलेली साकी अजून म्हणतात. मध्येच थांबून तिची चाल वडील कशी बदलायचे ते दाखवतात. हे कुठल्या पुस्तकात नाही.

अशा वेळी आपल्याकडे सगळेच काय करतात? लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवतात आणि त्याचा रेकॉर्डर चालू करतात. मग मिळतं ते असं: अक्कांचा आवाज लॅपटॉपच्या नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडतो, टेबलावर आपटतो, पंख्याच्या घरघरीतून जातो, उस्मान रोडवरच्या बसचे हॉर्न आणि आतल्या कुकरची शिट्टी बरोबर घेतो आणि मग मोबाइलच्या मायक्रोफोनपर्यंत पोचतो. फोटोचा फोटो काढावा तसं हे आहे. आणि हे सगळं करायची काहीच गरज नसते, कारण अक्कांचा आवाज आपल्या संगणकात स्वच्छ पोचलेला असतोच.

तो पोचतो आकड्यांच्या रूपात. कॉलचं सॉफ्टवेअर आलेली माहिती उलगडतं आणि सेकंदाला साधारण ४८,००० आकडे या वेगाने आवाज संगणकाच्या मिक्सरकडे देतं. मिक्सर सगळ्या ॲपांचे आवाज एकत्र करतो. तिथून ते आकडे एका छोट्या चिपमध्ये जाऊन विजेच्या लहरी बनतात, आणि स्पीकर त्या लहरींनी हवा हलवतो. मिक्सरनंतर आणि त्या चिपच्या आधी आकड्यांची एक प्रत फाइलमध्ये उतरवून घेतली की काम झालं. त्यात पंखा नाही, हॉर्न नाही, कुकर नाही. लॅपटॉपचा स्पीकर फाटका असला तरी फरक पडत नाही. जाणकार याला लूपबॅक म्हणतात. हे करायला नवं यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

विंडोजच्या अनेक संगणकांत यासाठी 'स्टिरिओ मिक्स' नावाची सोय ड्रायव्हरमध्येच असते, पण बंद करून ठेवलेली आणि यादीतूनही लपवलेली. ध्वनीच्या जुन्या सेटिंगमध्ये जायचं, रेकॉर्डिंगचा भाग उघडायचा, मोकळ्या जागी उजवं बटण दाबून बंद उपकरणं दाखव म्हणायचं, आणि ती दिसली तर चालू करायची. दिसली नाही तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं. त्यात होस्ट म्हणून 'विंडोज वासापी' निवडलं की रेकॉर्डिंगच्या उपकरणांत आपल्याच स्पीकरचं नाव पुढे 'लूपबॅक' लावून येतं. वासापी २००७ साली व्हिस्टाबरोबर विंडोजमध्ये आलं. म्हणजे दार तेव्हापासून आहे, फक्त त्यावर पाटी नाही. लिनक्सवाल्यांचं बरं आहे, त्यांना प्रत्येक स्पीकरचा 'मॉनिटर' सरळ यादीत मिळतो. मॅकवर अनेक वर्षं ही सोयच नव्हती. लोक आधी साउंडफ्लॉवर आणि नंतर ब्लॅकहोल असे खोटे स्पीकर बसवून काम भागवत आले. २०२२च्या मॅकओएस १३पासून ॲपना हा आवाज सरळ मिळू शकतो, आणि ओबीएस स्टुडिओसारखं फुकट सॉफ्टवेअर त्याचा उपयोग करतं.

आता यातली खरी मेख. लूपबॅकमध्ये फक्त पलीकडचा आवाज येतो. आपण विचारलेला प्रश्न आपल्या स्पीकरमधून वाजत नाही, म्हणून तो नोंदला जात नाही. तासाभराने ऐकलं तर अक्का एकट्याच बोलताहेत, मध्येच हसताहेत, 'ते नव्हे, दुसरं' म्हणताहेत, आणि कशाला ते कळायला मार्ग नाही. म्हातारी माणसं भाषण करत नाहीत, ती प्रश्नाला उत्तर देतात. प्रश्न गेला की उत्तराचा अर्धा अर्थ जातो. म्हणून मी ओबीएस वापरते. त्यात संगणकाचा आवाज एका ट्रॅकवर आणि माझा मायक्रोफोन दुसऱ्यावर ठेवता येतो. दोन्ही वेगळे राहतात, नंतर माझा खोकला काढून टाकायचा तर अक्कांच्या शब्दाला धक्का लागत नाही. कानाला वायरचा हेडफोन लावायचा, नाहीतर स्पीकरमधला त्यांचा आवाज माझ्या मायक्रोफोनमध्ये शिरून दुसऱ्यांदा नोंदला जातो. ब्लूटूथचा हेडफोन टाळलेला बरा, कारण त्याचा मायक्रोफोन सुरू झाला की ऐकू येणारा आवाजही बहुधा टेलिफोनसारखा चपटा होतो. आणि कॉल सुरू करण्याआधी मेसेजचे, मेलचे टिणटिण आवाज बंद करायचे, कारण मिक्सरला अक्का आणि टिणटिण सारखेच.

गाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि चेन्नईत राहून ती सांगितली नाही तर चालणार नाही. अक्का साकी म्हणताना नात शेजारी श्रुतिपेटी लावते. आमच्याकडे ती श्रुती ऐकूच येत नसे. कॉलची सॉफ्टवेअरं सतत एकसारखा येणारा आवाज गोंगाट समजून पुसतात, पंखा पुसतात तशीच श्रुतीही पुसतात, आणि गाणाऱ्याचा लांबवलेला सूरही मध्ये मध्ये खातात. झूममध्ये 'संगीतकारांसाठी मूळ आवाज' अशी सोय आहे. ती पाठवणाऱ्याच्या बाजूला चालू करावी लागते. अक्कांच्या नातीने ती चालू केली आणि षड्ज आमच्या टेबलापर्यंत आला. पलीकडून जे पाठवलंच जात नाही ते अलीकडची कुठलीच नोंदणी परत आणू शकत नाही, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावं.

मग कंपन्या ही सोय का लपवतात? नेहमी पुढे येणारं कारण चोरीचं: संगणकात वाजणारं गाणं, सिनेमा लोक उतरवून घेतील. ही भीती जुनी आहे. अमेरिकेत घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आले तेव्हा सिनेमा कंपन्या सोनीच्या बीटामॅक्सविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. जानेवारी १९८४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की दूरदर्शनवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टिपून ठेवणं हा कॉपीराइटचा भंग नाही, आणि ज्या यंत्राचे कायदेशीर उपयोग भरपूर आहेत ते विकणं हाही नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ खाजगी उपयोगाला आणि संशोधनाला जागा देतं, आणि कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा प्रसारकाच्या किंवा कलाकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही.

याचा अर्थ काहीही उतरवावं असा मी घेत नाही. मी ज्या भागात राहते तिथे कृष्ण गान सभा आहे, वाणी महाल आहे, भारत कलाचार आहे. २०२०च्या डिसेंबरात करोनामुळे मार्गळी महिन्यातल्या कचेऱ्या, म्हणजे इथल्या मैफली, पडद्यावर आल्या. ठरावीक दिवसांसाठी तिकीट काढून ऐकायचं होतं. त्या कचेऱ्या उतरवून नातेवाइकांना वाटणं म्हणजे ज्या मृदंगवादकाचा हंगाम बुडाला होता त्याच्या ताटातलं काढून घेणं होतं. जे विकत मिळतं ते विकत घ्यावं. पण अक्कांची साकी कुठेच विकत मिळत नाही. चोराला अडवण्यासाठी आजीचं बोलणं नोंदवण्याचं बटण लपवणं मला अन्याय्य वाटतं. शिवाय विकलेल्या गाण्या-सिनेमाला कुलूप घालायची तंत्रं कंपन्यांकडे वेगळी आहेतच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला पटतो: असं बटण असलं तर कोणी कोणाचंही बोलणं गुपचूप टिपेल. याचं उत्तर दार बंद करणं हे नव्हे, दाराशी विचारणं हे आहे. नवा मॅक ॲपला स्क्रीन आणि आवाज टिपू देण्याआधी मालकाची परवानगी मागतो. आयफोनवर ऑक्टोबर २०२४मध्ये कॉल नोंदवायची सोय आली, आणि नोंदणी सुरू होताच ती दोघांनाही ऐकू जाईल असं सांगते. हा रस्ता मला योग्य वाटतो. उलट अँड्रॉइडने २०१९मध्ये, दहाव्या आवृत्तीत, ॲपचा वाजणारा आवाज टिपायची मुभा दिली ती गाणी आणि खेळांपुरती. कॉलमधलं बोलणं त्यातून वगळलं. आपल्या देशात बहुतेक आज्या फोनवरच भेटतात. असा व्हिडिओ कॉल नोंदवायचा तर त्यांच्या घरच्यांना आज बहुधा लॅपटॉपचा आडमार्ग घ्यावा लागतो, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना तोही नाही.

माझं म्हणणं असं. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकावर, आणि फोनवरही, 'यातून येणारा आवाज नोंदवा' असं एक उघड बटण असावं. ते दाबल्यावर पलीकडचा आवाज आणि आपला आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर जावेत, नोंदणी चालू आहे हे दोन्ही बाजूंना कळावं, आणि ते वापरायला भाच्याला किंवा दुकानातल्या मुलाला बोलवावं लागू नये. तंत्र तयार आहे, अनेक वर्षं तयार आहे. कमतरता आहे ती मागणीची. कॅमेऱ्याचं बटण फोनमध्ये कोणी लपवलेलं खपवून घेणार नाही, आवाजाचं मात्र आपण निमूट खपवून घेतलं.

भाषा आवाजाने जपायची कल्पना नवी नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली छापला गेला, आणि पुढे त्याच कामाला जोडून हिंदुस्थानभरच्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. बहुतेकांत एकच गोष्ट सांगितलेली, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. ज्यांनी ती सांगितली ती माणसं कधीच गेली, पण शंभर वर्षांपूर्वीचे ते उच्चार आज इंटरनेटवर ऐकता येतात. त्या काळी त्यासाठी सरकार, यंत्रं आणि तंत्रज्ञ लागत होते. आज एका घरातला एक लॅपटॉप पुरतो. आणि उधळ्या मुलाच्या ठरवून दिलेल्या गोष्टीऐवजी आपल्याला माणसाच्या स्वतःच्या गोष्टी मिळतात, त्याच्या स्वतःच्या वाक्यांत.

मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला. तेव्हा जुने ग्रंथ, शिलालेख यांवर खूप बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. राज्य मराठी विकास संस्थेने आणि चेन्नईपासून इंदूर-बडोद्यापर्यंतच्या महाराष्ट्र मंडळांनी आता बोलत्या मराठीकडे वळावं. घराघरांत नोंदवलेल्या फाइली स्वीकारण्यासाठी एक जागा ठेवावी, त्यासोबत भरायचा एक साधा तक्ता द्यावा: कोण बोललं, जन्म कुठल्या गावी, नोंद कधीची, बाहेर ऐकवायला परवानगी आहे की नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या लॅपटॉपवर सोय लावून देणारा एखादा तरुण मंडळात असावा. एवढ्याला मोठा निधी लागत नाही.

साठवण्याबद्दल थोडं. कॅसेटवर विसंबून आम्ही काय गमावलं ते आम्हाला ठाऊक आहे. सासऱ्यांनी मोठ्या हौसेने भरलेल्या हरिकथेच्या कॅसेट पश्चिम मांबलमला दिरांकडे तळमजल्यावर होत्या. डिसेंबर २०१५च्या पुरात घरात पाणी शिरलं, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कुठेच नव्हत्या. आता सीडीच्या दर्जाचा, दोन ट्रॅकचा तासभराचा आवाज सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. फ्लॅक स्वरूपात ठेवला तर साधारण निम्म्यात मावतो आणि एक अक्षरही गमावत नाही. एक प्रत माझ्याकडे, एक लेकीकडे सिंगापूरला, एक पुण्याला. फाइलच्या नावात तारीख, अक्कांचं नाव, गाव आणि विषय. हे नाव त्याच दिवशी द्यावं. पुढे देऊ म्हटलं की राहतं.

परवानगी तर पहिलीच. अक्कांना विचारलं तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या जावेच्या गोष्टी सांगीन तेव्हा बंद कर. आम्ही तेव्हा बंद करतो. त्या गोष्टी त्यांच्या आहेत, ठेवायच्या की नाही हेही त्यांनीच ठरवायचं.

तुमच्याही ओळखीत अशी अक्का असेल. बेळगावकडची असेल, चंदगडची असेल, झाडीपट्टीतली असेल, नाहीतर तुमच्याच वाड्यातली असेल. शनिवारी अर्धा तास काढून संगणकावरची ही सोय लावा, एक मिनिटभर बोलून ती चालते ना ते ऐकून बघा. रविवारी कॉल लावल्यावर आधी त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या की नोंदणी सुरू करून तारीख आणि गावाचं नाव मोठ्याने सांगा, एक प्रश्न विचारा, आणि मग त्यांना बोलू द्या.